न उष्टावलेलं ताट

परत जाताना नातीला बरोबर न्यायचं, हे मनाशी ठरवूनच सासूबाई कुवेतला आल्या होत्या. त्यांनी ते लपवलंही नाही. विमानतळावरून खैतानच्या आमच्या घराकडे येताना, गाडीच्या काचेतून बाहेर बघत त्या म्हणाल्या, "माझ्या व्हिसाची मुदत संपेपर्यंत मी आहे. मग पोर माझ्याबरोबर येईल. तुम्ही बँकेत जाणार, तिच्याकडे कोण बघणार?" आम्ही दोघं मिरजेहून येत होतो. त्यांची मुलगी, माझी बायको, तिथे कृष्णेच्या काठी राख झाली होती. इथे दहनाची सोय नाही, म्हणून तिला विमानातून न्यावं लागलं होतं. आजार लक्षात आला तेव्हाच फार पुढे गेला होता, आणि सगळं इतक्या लवकर संपलं, की तिच्या औषधांच्या वेळा लावलेले गजर माझ्या फोनमध्ये तिच्यानंतरही वाजत होते.

आमची मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची होती. आम्ही मिरजेला होतो तेवढे दिवस खालच्या मजल्यावरच्या मल्याळी नर्सबाईंनी तिला सांभाळलं. आम्ही घरी पोचलो तेव्हा ती दाराशी उभी होती. तिने आमच्या मागे, लिफ्टकडे पाहिलं, आणि विचारलं, "आई?"

सासूबाईंनी तिला उचललं आणि म्हणाल्या, "आई देवाघरी गेली, राणी."

मुलीने मान डोलावली. एवढ्या सहज तिने ते घेतलं, याचं मला आश्चर्य वाटलं. पण कुणीतरी एक वाक्य शोधलं आणि ते बोलून टाकलं, याचा त्या वेळी मला इतका आधार वाटला की मी पुढे विचार केला नाही.

मूल घरात असलं की सगळ्यांचीच नावं त्याच्या तोंडची होतात. सासूबाई माझ्याही आजी झाल्या. आजींनी दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. माझ्या बायकोने ओट्याच्या वरच्या फडताळात एक छोटा देव्हारा ठेवला होता. तिथे ती संध्याकाळी दिवा लावायची, तोही आठवण झाली तर. आजींच्या हाती आल्यावर देवाला रोज नैवेद्य सुरू झाला. वाटीभर भात, वरण, जे काही केलं असेल ते आधी देवापुढे, मग आमच्या ताटात.

आणि मुलीने जेवण सोडलं.

एकदम नाही. आधी पोळी सोडली, मग भात. मग ती ताटापुढे बसायची, दोन्ही हात मांडीखाली दाबून, आणि ताटाकडे बघत राहायची. रडायची नाही, हट्ट करायची नाही. दूध प्यायची, कारण ते तिच्या झाकणाच्या कपात असायचं. कधी बिस्किट, तेही शाळेत. घरी शिजलेलं काही तोंडाला लावायची नाही. आजींनी शिरा केला, मुगाची खिचडी केली, थालीपीठ केलं, तिच्या आईला लहानपणी आवडायचं म्हणून गुळांबा केला. मी जमियात, म्हणजे आमच्या वस्तीच्या सहकारी दुकानात जाऊन, तिला पूर्वी आवडणारं सगळं आणलं. ताटं तशीच उचलली जायची. तिच्या हातांची मनगटं बारीक झाली. शाळेच्या गणवेशाचा पट्टा मागे एका भोकाने घट्ट करावा लागला.

मुलांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट तपासलं, आणि म्हणाले की शरीरात काही दोष नाही. धक्का आहे, वेळ द्या. वजन आणखी उतरलं तर परत या.

"वेळ द्या म्हणे," आजी म्हणाल्या. "वेळ कुठे आहे? मिरजेला चला म्हणावं. विहिरीचं पाणी, मोकळं अंगण, चार पोरं बरोबर. इथे पोर एसीच्या डब्यात बसून काय खाणार?"

मी म्हणालो, "ती इथे खायला लागली तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. बोलताना समोरच्याला पुरतं बोलू द्यायची त्यांची सवय होती.

"तर ठेवा. मी कशाला नेऊ मग? बापापासून पोर तोडायची हौस नाही मला. पण खायला लागली तर. नाहीतर माझ्याबरोबर."

असा आमचा करार झाला. माझ्याजवळ माझ्या बायकोचं म्हणून जे उरलं होतं, ते त्या ताटापुढे हात दाबून बसलं होतं.

माझ्या विभागात एक कुवेती बाई आहेत. त्यांच्या धाकट्याने असंच जेवण सोडलं होतं, तेव्हा त्यांनी त्याला सालमियातल्या एका चिनी डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. "औषध कमी, हातच जास्त," त्या म्हणाल्या. मला अशा गोष्टींवर पटकन विश्वास बसत नाही. घरी गेल्यावर मी वाचायला बसलो. लहान मुलांच्या भुकेवर चिनी वैद्यकात मालिश आहे, बोटं चोळणं आहे, पाठीची कातडी चिमटीत धरून वर सरकवणं आहे, हे सगळं शतकानुशतकं चालत आलेलं आहे. ज्याने अपाय होणार नाही असं काहीही करून बघायच्या अवस्थेला मी आलो होतो. मुलांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मालिशला हरकत नाही, पोटात काही द्यायचं असेल तर आधी दाखवा.

आजींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चिनी वैदीण? आणि मी जी बाळगुटीची सहाण मिरजेहून आणलीय ती काय शोभेला?" पण चपला घालून आधी दाराशी त्याच उभ्या राहिल्या.

दवाखाना म्हणजे समुद्राकडच्या एका जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या होत्या. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, केस मागे बांधलेले. कुवेतमध्ये त्यांची अनेक वर्षं गेली होती. इंग्रजी तुटक बोलायच्या, अरबी भरभर. मुलीला त्या "हबीब्ती", म्हणजे लाडके, म्हणाल्या आणि जीभ दाखवायला सांगितली. मुलीने जीभ काढली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली, मग मनगटावर एकच बोट ठेवून डोळे मिटले.

"प्लीहा दमलीय," त्या मला म्हणाल्या. "फार विचार करते."

मी आजींना मराठीत सांगितलं.

"साडेचार वर्षांची पोर कसला विचार करणार!" आजी म्हणाल्या. "विचारा त्यांना, प्लीहा म्हणजे आपली पाणथरीच ना?"

मी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी हात हलवला. त्यांच्या शास्त्रातली प्लीहा म्हणजे नुसता तो अवयव नाही, अन्न पचवून अंगाला देण्याचं सगळं काम तिच्यावर, आणि माणूस एकाच गोष्टीचा विचार करत राहिला की पहिली तीच थकते, असं त्यांनी अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या अरबीत समजावलं. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे जठराग्नी मंद झालाय. एवढंच ना? तेवढं मलाही कळतं."

मग डॉक्टरीणबाईंनी मुलीचा डावा हात हाती घेतला. हाताला पावडर लावून अंगठ्याची बाहेरची कड टोकापासून बुडाकडे चोळायला लागल्या. एकसारखं, हळू, एका लयीत. मग तळहातावर गोल. मग तिला पालथी झोपवून फ्रॉक वर केला, आणि माकडहाडापाशी कातडीची घडी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ती लाटेसारखी वर मानेपर्यंत नेली. मध्ये मध्ये घडी हलकेच वर उचलत. मुलगी आधी ताठ झाली, मग तिला गुदगुल्या झाल्या असाव्यात, कारण ती हसली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिचं हसणं आम्ही बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

"करंजीला मुरड घालतात, तशी घालतेय बाई पाठीला," आजी हळूच म्हणाल्या.

बेंबीवर त्यांनी कसल्या तरी वनस्पतींच्या भुकटीची एक छोटी पट्टी चिकटवली.

"हे तर आपलं हिंगच की!" आजी म्हणाल्या. "तान्ह्या बाळाच्या बेंबीभोवती आपण हिंग लावतो, तसंच. विचारा, हिंग आहे का त्यात?"

हिंग नव्हतं. पण त्या प्रश्नानंतर दोघींचं जमलं. डॉक्टरीणबाईंनी एक बरणी काढली आणि त्यातली पिवळसर पूड दाखवली. जेवण पोटात अडकलेल्या मुलांना ही देतात, म्हणाल्या. मी विचारलं, कशाची? त्यांनी इंग्रजी शब्द शोधला, सापडला नाही, मग कोंबडीसारखा आवाज काढला आणि पोटावर हात ठेवला. कोंबडीच्या पोटातल्या पिशवीची आतली साल, वाळवून, भाजून, कुटलेली.

मी ते आजींना सांगायचं टाळत होतो, पण त्यांनी कोंबडीचा आवाज ऐकला होता.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "बाईंना नमस्कार सांगा, आणि बरणीचं झाकण लावायला सांगा."

डॉक्टरीणबाई खूप हसल्या. मग त्यांनी एका आंबट लाल फळाच्या वाळवलेल्या चकत्या दिल्या. आजींनी आधी स्वतः चाखून पाहिलं. "बोरकुटासारखं लागतंय," त्या म्हणाल्या, आणि अजून एक घेतली. बोटांच्या पेरांवर सुईने टोचून थोडा द्रव काढायचाही एक उपाय असतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आम्ही दोघं एकदमच नको म्हणालो, आणि त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

आम्ही जात राहिलो. संध्याकाळी बँकेतून येऊन मी दोघींना गाडीत घ्यायचो. सकाळी उठल्यावर, रिकाम्या पोटी, पाठीची मुरड घरी घालायची होती. ती आजींनी शिकून घेतली. मुलीला झोप बरी लागायला लागली. तोंडावर थोडं तेज आलं. त्या लाल चकत्या ती खायची, कारण त्या डॉक्टरीणबाई तिच्या हातात द्यायच्या, दवाखान्यातच. पण घरी ताट पुढे आलं की हात मांडीखाली.

एके दिवशी गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई जेवत होत्या. थर्मासमध्ये भरड धान्याची पातळ पेज होती. त्यांनी मुलीला जवळ बसवलं, स्वच्छ वाटीत थोडी पेज काढली आणि चमचा तिच्या ओठांपाशी नेला. मुलीने तोंड फिरवलं. त्यांनी पुन्हा नेला.

"नो!" ती ओरडली. आमच्या घरात ती मराठी समजायची, उत्तर बहुतेक इंग्रजीत द्यायची. "डोन्ट! इट विल बिकम उष्टं!"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काय होईल?"

मी सांगायला गेलो आणि अडलो. "कुणाचं तोंड लागलेलं अन्न," मी म्हणालो.

"घाण?"

"घाण नाही."

"उरलेलं?"

"उरलेलंही नाही. एक घास घेतला तरी ते... तसं होतं."

"पण जेवण तिचंच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिचं तोंड तिच्या जेवणाला लागणारच."

मुलगी आमच्याकडे आळीपाळीने पाहत होती. मोठी माणसं किती मठ्ठ असतात, असा तो चेहरा होता. मग तिने डॉक्टरीणबाईंना समजावून सांगितलं, कारण त्या परक्या होत्या आणि त्यांना ठाऊक नसणं साहजिक होतं.

"देव डझन्ट टेक उष्टं," ती म्हणाली. "आई इज इन देवाज हाउस. सो इफ आय ईट, शी कान्ट ईट."

डॉक्टरीणबाईंना 'आई' म्हणजे काय ते कळलं असावं. मी त्यांना घरात काय घडलंय ते सांगितलंच नव्हतं. त्यांनी चमचा वाटीत ठेवला, मुलीचा हात घेतला आणि अंगठ्याची कड चोळायला सुरुवात केली, त्याच लयीत.

आजी भिंतीकडे बघत होत्या. मला आठवलं, आल्या आल्या, पहिल्या नैवेद्याच्या दिवशी, मुलीने देवापुढच्या वाटीतला भात उचलायला हात घातला होता. आजींनी तिचा हात धरून प्रेमाने म्हटलं होतं, "अंहं, उष्टं करायचं नाही. देवाला उष्टं चालत नाही. आधी देवाघरी जाऊ दे." कुणीही आजी म्हणेल तेच.

खैतानला गाडी लावताना मुलगी मागच्या सीटवर झोपली होती. आजी पुटपुटल्या, "म्हणजे पोर इतके दिवस तिच्यासाठी राखून ठेवतेय."

त्या संध्याकाळी ताट वाढलं तेव्हा आजी तिच्यासमोर मांडी घालून बसल्या.

"ऐक. देवाला उष्टं चालत नाही, हे खरं. पण आईला चालतं. तुझ्या आईला तर तुझं उष्टंच आवडायचं. तू टाकलेली पोळी कोण खायचं?"

मुलीने विचार केला. "आई."

"मग? तू अर्धं खा, अर्धं तिला ठेव. मी पाठवते."

मुलगी बराच वेळ ताटाकडे बघत राहिली. मग तिने भाताचा एक घास घेतला. मग दुसरा. पोळीचे तिने दोन तुकडे केले, मोठा आईसाठी बाजूला ठेवला, लहान खाल्ला. वरणाच्या वाटीत बोटाने रेघ मारल्यासारखं करून तिथपर्यंतच प्याली. मी हातात पेला धरून उभा होतो. तो खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

आजी उरलेलं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. पेला ठेवायला मी मागून गेलो. त्या ओट्याकडे तोंड करून, उभ्याने, भराभर ते जेवत होत्या. माझी चाहूल लागली तरी वळल्या नाहीत.

"टाकू कसं?" त्या म्हणाल्या. "तिच्या नावाने वाढलंय."

असंच मग रोज होऊ लागलं. मुलगी अर्धं जेवायची, अर्धं ठेवायची, आणि विचारायची, "फिनिश केलं का तिने?" आजी म्हणायच्या, "सगळं संपवलं हो." मुलीचं वजन वाढू लागलं. डॉक्टरीणबाईंनी स्वतःचा अंगठा वर करून दाखवला, हे याचं काम. मी नाही म्हणालो नाही. तसंही कशाने काय झालं, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. पाठीला मुरड पडायला लागल्यापासून ती झोपायला लागली होती, आणि झोपलेल्या मुलाला भूक लागते. आजी मात्र थकलेल्या दिसायला लागल्या. आपलं जेवण झाल्यावर रोज दुसऱ्यांदा जेवायचं त्यांचं वय नव्हतं. मी एकदा म्हणालो, मी खातो. त्या म्हणाल्या, "तुमची नाही ती. माझी होती आधी."

करार मी जिंकत होतो. आजींची बॅग भरायची वेळ जवळ येत होती, आणि मुलगी इथेच राहणार हे न बोलता ठरल्यासारखं होतं.

एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मिरजेहून मुलीच्या मामाचा व्हिडिओ फोन आला. तो घर दाखवत फिरत होता. अंगण, झोपाळा, मग दाराची चौकट. "आणि हे आजीचं देवघर," तो म्हणाला.

मुलीने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "देवघर?" ती म्हणाली. "मामा, आईला बोलव ना."

मामाला कळलं नाही. "कोणाला?"

"आईला! देवघरातून बोलव!"

तिच्या कानाला 'देवाघरी' आणि 'देवघर' हे एकच होतं. तिच्या आईला विमानातून मिरजेला नेलं होतं, हे तिने ऐकलं होतं. आजीच्या घरी एक खोली आहे, तिथे देव राहतात, आई तिथे आहे. इतके दिवस ती आईचं ताट तिथे पाठवत होती. फोन ठेवल्यावर ती आजींकडे वळली आणि म्हणाली, "मी पण येते तुझ्याबरोबर. आय विल ईट देअर विथ हर."

आजी माझ्याकडे बघत होत्या. करार कसाही फिरला तरी त्यांना मुलगी हवी होती, पण अशी नको होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. "तिथे गेल्यावर बघू," त्या हळूच म्हणाल्या. "तिथे चार माणसं आहेत. हळूहळू कळेल."

मला डोळ्यापुढे ती मिरजेच्या घरात शिरताना दिसली. चप्पल न काढता धावत त्या खोलीपर्यंत जाताना. आत पितळेचे बाळकृष्ण, अन्नपूर्णा, समई.

मी तिला मांडीवर घेतलं. "आई देवघरात नाही," मी म्हणालो.

"मग कुठे आहे?"

"आई मेली." त्याहून मऊ शब्द मराठीत खूप आहेत, पण मऊ शब्दाने काय झालं ते मी पाहिलं होतं.

"डाइड?" ती म्हणाली. तिच्या शाळेत एक काचेची टाकी होती. "लाइक द फिश?"

"हो."

"मासा परत नाही आला."

"नाही."

"जावईबापू, पुरे," आजी म्हणाल्या. पण मुलगी आता माझ्याकडे बघत नव्हती. ती विचार करत होती. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी जीभ पाहून सांगितलं होतं तो विचार, समोर बसून, कपाळाला आठी घालून.

"मग जेवण कोण खातं?"

मी आजींकडे पाहिलं.

"मी," आजी म्हणाल्या.

मुलगी माझ्या मांडीवरून उतरली आणि आजींच्या अंगावर धावून गेली. दोन्ही मुठींनी त्यांच्या मांड्यांवर मारत सुटली. "दॅट वॉज आईज! तू आईचं खाल्लंस! आईचं खाल्लंस तू!"

"हो ग," आजी म्हणत होत्या. त्यांनी हात धरले नाहीत, बाजूला सरकल्या नाहीत. "हो ग बाई. आईचंच होतं. मी खाल्लं."

आई गेल्यापासून मुलगी रडली नव्हती. त्या दुपारी ती इतकी रडली की खालच्या नर्सबाई वर आल्या आणि दारातूनच परत गेल्या. रडून दमल्यावर ती मला जवळ येऊ देईना. ती आजींच्या कुशीत शिरली. ज्यांना मारत होती त्यांच्याच. थोड्या वेळाने तिने आजींच्या पोटाला कान लावला.

"आईचं जेवण इथे आहे?" तिने विचारलं, मराठीत.

आजींनी तिच्या केसांवर हात ठेवला. "आहे. सगळं इथेच आहे."

त्यानंतर तिने आजींना सोडलं नाही. संडासाच्या दाराशीही ती बाहेर उभी राहायची. जेवण ती आता पूर्ण जेवायची, पण आजींच्या हातून, त्यांच्या अंगाला अंग लावून, आणि मी भरवायला गेलो तर तोंड मिटायची. रागाने नाही. जणू मला ते येतच नाही असं. मी तिला खरं ते सांगितलं होतं. आजींकडे तिची आई होती.

आम्ही शेवटचं सालमियाला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी वजन पाहून टाळी वाजवली आणि म्हणाल्या, आता यायची गरज नाही. आजींना त्यांनी लाल चकत्यांचं एक पाकीट दिलं, आणि आजींनी त्यांना आपल्याकडच्या हिंगाची डबी. दोघी बराच वेळ आपापल्या भाषेत एकमेकींना काहीतरी सांगत राहिल्या.

तिकिटाचा विषय आजींनीच काढला. भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता.

"शब्द म्हणजे शब्द," त्या म्हणाल्या. "खायला लागली तर ठेवा, असं मी म्हणाले होते. लागली. ठेवा तिला. मी एकटी जाते."

मुलगी त्यांच्या पाठीला पाठ लावून चित्र रंगवत होती. त्या हलल्या की तीही हलायची.

"घेऊन जा," मी म्हणालो.

मेथीची काडी त्यांच्या हातात तशीच राहिली. "अहो, असं तोडून बोलू नका. विचार करून सांगा."

"केला."

"मग मी तुमच्यावर उपकार करत नाहीये, आणि तुम्हीही माझ्यावर नाही," त्या म्हणाल्या. डोळे पुसले ते पदराने नाही, मेथीच्या हातानेच. "दर सुट्टीत यायचं. नाही आलात तर बघा."

विमानतळावर मुलगी ट्रॉलीवरच्या बॅगेवर बसली होती. आत जायच्या दारापाशी मला थांबावं लागलं. मी खाली वाकलो तेव्हा तिने माझा गाल धरला आणि बजावल्यासारखं म्हणाली, "बाबा, बाय. आजीला हात दे, तिला पायरी दिसत नाही." मी आजींना हात दिला. त्या दोघी आत गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या. मुलगी आजींच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. मग रांग वळली.

आता ती मिरजेच्या शाळेत जाते. इंग्रजी हळूहळू उतरत चाललंय. फोनवर माझ्याशी मराठीत बोलते, आजींच्या हेलाने. देवघरात ती गेली का, गेली तेव्हा काय झालं, हे मी विचारलेलं नाही. आजींनीही सांगितलेलं नाही. परवा तिने फोन उचलल्या उचलल्या मला विचारलं, "बाबा, जेवलास का?" तिच्या आईच्या माहेरी सगळे असंच विचारतात. फोन लागला की पहिलं तेच.

मी म्हणालो, अजून नाही.

"मग ठेव फोन," ती म्हणाली. "आधी जेव."